पेपर किती आणि उतारा किती: मेंदूविकार संशोधकाचं काम तपासायला शिकताना

"मॅडम, ह्या सरांचे पेपर किती आणि सायटेशन किती, तेवढं काढून द्याल का?"

वैद्यकीय ग्रंथालयात काम करताना हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. कधी थीसिससाठी गाइड निवडणारा रेसिडेंट असतो, कधी व्याख्यानाच्या पाहुण्यांची ओळख लिहायला बसलेली ज्युनियर लेक्चरर, कधी दैनिकातला नवा बातमीदार. एकदा गडहिंग्लजकडचा एक मुलगा आला होता. वडिलांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन. पुण्यातल्या ज्या डॉक्टरांकडे त्यांना न्यायचं होतं, त्यांनी ह्या आजारावर खरंच काम केलंय का, हे त्याला बघायचं होतं. त्याच्यासोबत दोन तास बसले. जे त्याला दाखवलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट समजावायला मी उसाचं उदाहरण देते. कारखान्याला किती टन ऊस गेला हा एक आकडा आणि त्यातून साखर किती निघाली, म्हणजे उतारा किती पडला, हा दुसरा. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरताना उतारा बघतात, नुसतं वजन नाही. पेपरची संख्या म्हणजे टनेज. सायटेशन, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखात त्या पेपरचा दिलेला संदर्भ, हा उताऱ्याच्या जवळ जाणारा आकडा. जवळ जाणारा म्हणते, कारण साखर काट्यावर तोलता येते आणि संशोधनाचा उपयोग तसा तोलता येत नाही.

पायरी १: कशासाठी बघताय ते कागदावर लिहा

हे टाळू नका. गाइड शोधत असाल तर गेल्या पाच वर्षांतलं काम बघायचं आणि त्यात विद्यार्थी पहिले लेखक आहेत का ते बघायचं. बातमी लिहायची असेल तर आकडा कुठून आला ते आधी. आणि घरच्या रुग्णासाठी डॉक्टर शोधत असाल तर स्पष्ट सांगते: पेपर जास्त म्हणजे उपचार चांगले, असं होत नाही. आयुष्यभर एकही पेपर न लिहिलेले उत्तम मेंदूरोगतज्ज्ञ असतात. पेपरवरून फक्त एवढंच कळतं की ह्या आजारावर त्या माणसाने विचार करून काही मांडलंय का, आणि इतरांनी त्याची दखल घेतली का.

पायरी २: माणूस तोच आहे ना, ते पक्कं करा

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

आपल्याकडे पाटील किती आहेत ते सांगायला नको. आडनाव पाटील आणि आद्याक्षर एस एवढंच पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या संकेतस्थळावर, टाकलं तर मेंदूचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर, औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक आणि रसायनशास्त्रज्ञ एकाच यादीत येतात. कुलकर्णी, देशमुख, जाधव, शिंदे यांचंही तेच. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून अशी चूक झाली होती. दोन वेगळ्या व्यक्तींचे लेख मी एकत्र मोजले, तो आकडा पाहुण्यांच्या ओळखीत गेला आणि भर सभेत वाचला गेला. पाहुण्यांनी स्वतः उठून दुरुस्ती केली. तेव्हापासून ओळख पटल्याशिवाय मी आकडा देत नाही.

मराठी नावांची आणखी एक अडचण आहे. आपलं मधलं नाव वडिलांचं, आणि बऱ्याच स्त्रियांचं लग्नानंतर नवऱ्याचं. त्यामुळे एखाद्या डॉक्टर बाईंचे एमडी करतानाचे पेपर माहेरच्या आडनावावर आणि नंतरचे सासरच्या आडनावावर असतात. आडनाव तेच ठेवलं तरी मधलं आद्याक्षर बदललेलं असू शकतं. संगणकाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात आणि त्यांचं निम्मं काम हिशेबातून गळतं. ही गळती सहसा कुणी भरून काढत नाही, म्हणून तुम्ही मुद्दाम शोधा. बायोडेटा असेल तर त्यातला सगळ्यात जुना पेपर घ्या आणि त्यावरचं नाव बघा.

उपाय तीन आहेत. पहिला ऑर्किड क्रमांक. २०१२ मध्ये सुरू झालेली ही सोळा अंकी ओळख संशोधकाला फुकट मिळते, नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. तो असेल तर तिथून सुरुवात करा, पण यादी संशोधकाने स्वतः भरायची असल्याने ती अपुरी असू शकते. दुसरा, संस्थेचं पान किंवा विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राचं, संशोधकांची माहिती देणारं 'विद्वान' हे संकेतस्थळ. तिसरा उपाय सगळ्यात भरवशाचा: सहलेखक बघा. मेंदूविकारावर काम करणारा माणूस वर्षानुवर्षं त्याच चार-सहा जणांबरोबर लिहितो. अनोळखी सहलेखक आणि अनोळखी विषय एकाच पेपरात दिसले की तो पेपर बाजूला काढून तपासा.

पायरी ३: यादी बनवा

पबमेड हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा फुकट शोध आहे. १९९६ मध्ये सुरू झाला, आज त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. शोधपेटीत आधी आडनाव, मग आद्याक्षरं, त्याला चिकटून चौकटी कंसात लेखकासाठीची 'एयू' ही दोन इंग्रजी अक्षरं. मग मोठ्या लिपीत 'अँड'. मग शहराचं नाव आणि चौकटी कंसात पत्त्यासाठीची 'एडी' ही दोन अक्षरं. एवढ्याने गर्दी बरीच कमी होते.

पण सावध राहा. २०१३ पर्यंत पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत असे. म्हणजे २००८ च्या पेपरात आपले कोल्हापूरचे डॉक्टर तिसऱ्या क्रमांकावर असतील आणि पहिला लेखक मुंबईचा, तर 'कोल्हापूर' टाकून तो पेपर सापडणारच नाही. शिवाय संस्थेचं नाव प्रत्येक जण वेगळं लिहितो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कुणी पूर्ण लिहितं, कुणी आद्याक्षरांत, कुणी त्याला जोडलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचं नुसतं सीपीआर लिहून मोकळं होतं. 'शाहू' आणि 'राजर्षी' यांची इंग्रजी स्पेलिंगंही एकसारखी नसतात. शहराचं नाव टाकून आणि न टाकून, असा दोनदा शोध घ्या.

मग गूगल स्कॉलर. २००४ पासून आहे, त्यात थीसिस, पुस्तकातली प्रकरणं, परिषदेतले गोषवारे सगळं येतं. त्यामुळे त्यातला सायटेशनचा आकडा नेहमी मोठा दिसतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे पैसे भरून मिळणारे शोध आहेत, ते निवडक जर्नल मोजतात, आकडा लहान येतो. एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे आले तर घाबरू नका, त्यात कुणी खोटं बोलत नाही. फक्त तिन्ही आकड्यांची मिसळ करू नका आणि प्रत्येक आकड्यापुढे कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहा. तारीख नसलेला सायटेशनचा आकडा मी स्वीकारत नाही.

पूर्ण लेख वाचायला मिळत नाही ही नव्यांची नेहमीची तक्रार. जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांना त्यातून मिळतात. शिवाजी विद्यापीठात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असाल तर ग्रंथपालांना लॉगिन विचारा. खासगी महाविद्यालयात असाल तर आधी पबमेड सेंट्रलमध्ये, म्हणजे पूर्ण लेखांच्या खुल्या साठ्यात, फुकट प्रत आहे का बघा, नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल पाठवा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात. कुणीतरी आपलं काम वाचायला मागतंय, ह्याचं त्यांनाही अप्रूप असतं.

पायरी ४: यादीचे ढीग करा

सगळे पेपर सारखे नसतात. एका ढिगात मूळ संशोधन, दुसऱ्यात रिव्ह्यू म्हणजे आधीच्या कामाचा आढावा, तिसऱ्यात केस रिपोर्ट, चौथ्यात संपादकाला पत्रं. पाचवा ढीग असतो मोठ्या गटांच्या पेपरचा. उदाहरणार्थ, भारतातल्या राज्यनिहाय मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांच्या ओझ्यावर २०२१ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये मोठा लेख आला. अशा लेखांत लेखकांची रांगच असते. त्यात नाव असणं अभिमानाचं आहे, पण त्याची सगळी सायटेशन एका माणसाच्या खात्यावर धरणं बरोबर नाही.

लेखकांचा क्रमही बघा. वैद्यकीय पेपरात साधारणपणे पहिल्या नावाने प्रत्यक्ष काम केलेलं असतं आणि शेवटचं नाव मार्गदर्शकाचं असतं. मधली नावं वाचताना जपून. गाइड शोधणाऱ्या मुलांना मी सांगते, सरांचं नाव शेवटी आणि विद्यार्थ्याचं पहिलं असे किती पेपर आहेत ते मोजा. त्यावरून तुमचं नाव पुढे येईल की नाही ह्याचा अंदाज येतो.

पायरी ५: हिशेब स्वतः करा

एच-इंडेक्स हा आकडा सगळे फेकतात, पण कागदावर काढून बघितलेला फार थोड्यांनी. होर्हे हिर्श ह्या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये मांडला. पेपर सायटेशनप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचे; ज्या शेवटच्या क्रमांकाच्या पेपरला निदान त्या क्रमांकाएवढी सायटेशन आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा एका संशोधकाचे दहा पेपर आहेत आणि जास्तीकडून कमीकडे त्यांची सायटेशन अशी: ६४, ३१, १८, १२, ९, ६, ६, ३, १, ०. आता वरून क्रमांक घालत जा. सहाव्या पेपरला ६ आहेत, जमलं. सातव्याला ७ हवी होती, आहेत ६. म्हणून एच-इंडेक्स ६. एकूण सायटेशन १५०. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर ४, ह्याला गूगल स्कॉलर आय-टेन म्हणतं.

आता ६४ च्या जागी ६४० घाला. एकूण आकडा ७२६ झाला, एच-इंडेक्स मात्र सहाच. म्हणजे एच-इंडेक्स सातत्य दाखवतो, एखादा फार मोठा शोध त्यात दिसत नाही. शिवाय माणूस निवृत्त झाला तरी तो कमी होत नाही, म्हणून तिशीतल्या डॉक्टरची तुलना साठीतल्या प्राध्यापकाशी करू नका. हिर्शने स्वतःच एच-इंडेक्सला कारकिर्दीच्या वर्षांनी भागायला सुचवलं होतं. वरच्या माणसाला आठ वर्षं झाली असतील तर ०.७५.

मी आणखी एक आकडा काढते: मधला. दहा पेपरांतल्या पाचव्या आणि सहाव्याची सरासरी, इथे साडेसात. साधी सरासरी पंधरा येते, ती एकट्या ६४ ने फुगवलेली आहे.

विषयाप्रमाणे आकडे बदलतात. पक्षाघातावर जगभर हजारो लोक काम करतात, दुर्मिळ आनुवंशिक आजारावर मोजके. ही दरी भरायला अमेरिकेच्या एनआयएच ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं आयसाइट हे फुकट साधन आहे. पबमेडचे क्रमांक त्यात टाकले की प्रत्येक पेपरची त्याच विषयातल्या, त्याच काळातल्या पेपरशी तुलना होते. १ म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या मधल्या पेपरएवढा. आपल्याकडच्या पेपरला १ मिळाला तर तो चांगला समजा.

पायरी ६: सायटेशन उघडा आणि वाचा

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. सर्वाधिक सायटेशनचे तीन पेपर घ्या, प्रत्येकाला संदर्भ देणारे दहा-दहा लेख उघडा, आणि संदर्भ नेमका कुठल्या वाक्यात दिलाय ते शोधा. प्रस्तावनेत आठ नावांच्या रांगेत उभं केलंय, की पद्धत वापरलीय, की निष्कर्ष तपासून बघितलाय, की खोडून काढलाय? ह्या चारही गोष्टी आकड्यात एकसारख्याच दिसतात.

सरावाला एक जोडी देते. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही डॉक्टरला कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण नवे नाहीत. सुरुवातीच्या उपचाराने सावरलेला रुग्ण एक-दोन दिवसांनी मान उचलू शकत नाही, श्वास मंदावतो. ह्याला इंटरमीडिएट सिंड्रोम हे नाव १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करल्लिएद्दे यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये दिलं. पण १९७४ मध्येच मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी अशा विषबाधेतल्या मज्जासंस्थेच्या लक्षणांवर पेपर लिहून उशिरा येणाऱ्या लुळेपणाला 'टाइप २' म्हटलं होतं. दोन्ही पेपर काढा. नंतरच्या लेखांत कोण कुणाचा संदर्भ देतं, कोण दोघांचा देतं, ते बघा. नाव देणाऱ्याकडे सायटेशन कशी वळतात हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मुंबईत आणि श्रीलंकेत, खाटेशेजारी उभं राहून केलेलं हे काम आहे. आपल्या वॉर्डात दिसतं तेच. म्हणून मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं.

वाडियांचंच दुसरं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये 'ब्रेन'मध्ये त्यांनी स्वामी यांच्यासोबत नऊ कुटुंबांचं वर्णन केलं: चालताना तोल जातो आणि डोळ्यांची हालचाल विलक्षण संथ होते. ह्या प्रकाराला आज एससीए-२ म्हणतात, त्याचं जनुक १९९६ मध्ये सापडलं. वर्णन आणि जनुक यांच्यामध्ये पंचवीस वर्षं गेली. पहिल्या दोन वर्षांचीच सायटेशन मोजली असती तर ह्या कामाची उंची कळली नसती.

आणि काही उपयोग मोजलाच जात नाही. रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजणारं ग्लासगो कोमा स्केल १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. हायवेवरून डोक्याला मार लागलेला रुग्ण सीपीआरच्या कॅज्युअल्टीत आला की रेसिडेंट केसपेपरवर तीन ते पंधरामधला आकडा लिहितो. त्या लिहिण्याची सायटेशन कुठेच नोंदली जात नाही.

स्वतःचाच संदर्भ देण्याचं प्रमाणही बघा. थोडं असणं साहजिक आहे, मागच्या कामावरच पुढचं उभं राहतं. पण संदर्भ देणाऱ्या दहापैकी सहा लेख त्याच गटाचे असतील तर तसं टिपणात लिहा.

पायरी ७: पेपर मागे घेतलाय का?

२००६ मध्ये 'नेचर'मध्ये अल्झायमरवर एक पेपर आला, अमायलॉइड ह्या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपाने उंदरांची स्मृती बिघडते असं सांगणारा. त्याला जवळपास अडीच हजार सायटेशन मिळाली. २०२२ मध्ये 'सायन्स'ने त्यातल्या चित्रांबद्दल शंका छापल्या आणि जून २०२४ मध्ये तो पेपर मागे घेण्यात आला. मोठं जर्नल, मोठा आकडा, दोन्ही होतं. ज्या घरात अल्झायमरचा रुग्ण आहे त्यांच्या आशेशी ह्या गोष्टी जोडलेल्या असतात, म्हणून ही तपासणी मी कधीच सोडत नाही.

पबमेडमध्ये मागे घेतलेल्या पेपरवर ठळक पट्टी दिसते. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफ ह्या लेखांची नोंदणी करणाऱ्या संस्थेमार्फत सगळ्यांना खुली आहे. संदर्भ साठवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तो तुमच्या संग्रहातला असा पेपर आपोआप दाखवतो. मागे घेतला म्हणजे दरवेळी फसवणूकच असते असं नाही, प्रामाणिक चूक कळल्यावर लेखक स्वतःही मागे घेतात. त्यामुळे सूचनेतलं कारण वाचा.

पायरी ८: जर्नल आणि वर्तमानपत्रातली यादी

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नाही, डॉक्टरचा तर नाहीच. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना ह्या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, एवढाच हिशेब. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा 'केअर लिस्टेड' म्हणून कुणी आज पेपर मागत असेल तर जपा. आठवड्यात स्वीकृतीचं वचन आणि व्हॉट्सअॅपवर फीची मागणी दिसली की तिथेच थांबा. न्यूरोलॉजीत सुरुवात करणाऱ्यांसाठी 'न्यूरोलॉजी इंडिया' आणि 'अॅनल्स ऑफ इंडियन अॅकॅडमी ऑफ न्यूरोलॉजी' ही आपल्याकडची जर्नल आधी वाचायला घ्या. आपल्या वॉर्डातले आजार त्यात भेटतात.

दरवर्षी साधारण सप्टेंबरच्या सुमारास 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत कोल्हापूरचे अमुक' अशा बातम्या येतात. ही यादी स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन इओआनिडिस यांचा गट स्कोपसच्या माहितीवरून काढतो. तो विद्यापीठाचा पुरस्कार नाही. त्यात दोन तक्ते असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा. बातमीदार मित्रांनो, कोणता तक्ता ते बातमीत लिहा. यादी फुकट उतरवून घेता येते, तपासायला दहा मिनिटं लागतात.

पायरी ९: टिपण

सगळं झाल्यावर एका पानाचं टिपण करा. वर नाव, ऑर्किड, तारीख, कुठून शोधलं. मग ढिगांप्रमाणे संख्या, एच-इंडेक्स, मधला आकडा. त्याखाली तीन महत्त्वाच्या पेपरवर प्रत्येकी तीन ओळी: प्रश्न काय होता, काय सापडलं, पुढे कुणी ते कशासाठी वापरलं. ह्या नऊ ओळी लिहायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि माझ्याकडे परत येणारी माणसं त्याच नऊ ओळींसाठी येतात.

गडहिंग्लजच्या त्या मुलाचं टिपण अर्ध्या पानाचं झालं. त्या डॉक्टरांचे पेपर सत्तावीस निघाले, त्यातले चार कंपवाताचे, आणि एकात गावाकडच्या रुग्णांना गोळ्यांच्या वेळा पाळताना काय अडचणी येतात ते लिहिलं होतं. त्याने तो एकच पेपर झेरॉक्स करून घेतला, वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिल्या आणि डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न खाली मांडले.